हत्ती गेला, शेपूट अडकलं : जुन्या गाडीतलं दुसरं इंजिन आणि मधला क्लच

जुन्या गाडीत दुसरं इंजिन बसवायचं म्हटलं की चर्चा कशाची होते? सीसी किती, हॉर्सपॉवर किती, बॉनेट बंद होईल का, रेडिएटर पुरेल का. कॅन्टीनमधल्या एका कटिंगवर अख्खी गाडी तयार होते. प्रत्यक्षात माउंटिंगचं वेल्डिंग होतं, इंजिन आत उतरतं, नारळ फुटतो, आणि गिअरबॉक्स जोडायला घेतला की कळतं, हत्ती गेला पण शेपूट अडकलं! हे शेपूट म्हणजे फ्लायव्हील आणि क्लच.

थिअरी ऑफ मशीन्समध्ये फ्लायव्हील आपण शिकतो, मशीन डिझाइनमध्ये क्लचची गणितं सोडवतो. पण दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीन एकमेकींना जोडताना नेमकं काय काय जुळावं लागतं, हे कुठल्याच पेपरला येत नाही. गॅरेजमधल्या उस्तादला ते माहीत असतं, पण तो ते कागदावर लिहीत नाही. म्हणून हा लेख. मुद्दा एकच आहे आणि तो आधीच सांगून टाकतो : फ्लायव्हीलची भोकं आणि क्लच प्लेटचे दाते जुळले म्हणजे काम झालं, असं समजू नका. खरी परीक्षा उंचीची असते.

कुर्ल्याचा धडा

हा विषय परदेशी मासिकांतला नाही, आपल्या लोकलच्या रुळांशेजारचा आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्याला होता. तिथे १९६४ पासून फियाट ११०० डी बनू लागली आणि १९७४ पासून तिचंच नाव 'प्रीमियर पद्मिनी' झालं. इंजिन १०८९ सीसी, बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी. (कॅल्क्युलेटर जवळ असेल तर पडताळून बघा, बरोबर १०८९ येतात.) गाडी रिअर व्हील ड्राइव्ह, गिअरची दांडी स्टिअरिंगजवळ. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून हिनं मुंबईच्या दोन-तीन पिढ्या वाहिल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती आणि २० वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. पण खाजगी पद्मिनी अजून कितीतरी सोसायट्यांच्या आवारात कव्हरखाली उभ्या आहेत, आणि त्यांच्या मालकांच्या मुलांना त्या पुन्हा पळवायच्या आहेत.

गंमत म्हणजे इंजिन बदलण्याचे प्रयोग खुद्द कंपन्यांनीच केले. प्रीमियरनं १९८५ मध्ये ११८ एनई काढली. तिची बॉडी फियाट १२४ घराण्यातली आणि इंजिन निस्सानचं ए-१२, ११७१ सीसी. पण नीट बघा, गिअरबॉक्ससुद्धा निस्सानचाच घेतला! हिंदुस्थान मोटर्सनं काँटेसात आणि पुढे अँबॅसडरमध्ये इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन बसवलं, त्याच्याबरोबर पाच गिअरचा गिअरबॉक्सही इसुझूचाच आणला. कांदिवलीला कारखाना असलेल्या महिंद्रानं जीपमध्ये प्यूजोचं २११२ सीसी डिझेल इंजिन घेतलं. नव्वदच्या दशकात पद्मिनीचीही १३७ डी नावाची डिझेल आवृत्ती आली. त्याच काळात कितीतरी टॅक्सीवाल्यांनी आपापल्या गॅरेजात फियाटमध्ये डिझेल इंजिनं बसवून घेतली होती. पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर टॅक्स्या सीएनजीकडे वळल्या आणि ते पर्व संपलं.

११८ एनई आणि काँटेसा यांतून धडा काय घ्यायचा? कंपन्यांकडे ड्रॉइंग होती, टूलरूम होती, पगारी इंजिनिअर होते. तरीही त्यांनी शक्यतो इंजिन आणि गिअरबॉक्स ही जोडी फोडली नाही. आपल्याला जोडी मिळत असेल तर आपणही फोडू नये. उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेनं बसणारं इंजिन आणि मागे गिअरबॉक्स, अशी भारतीय जोडी शोधायची तर मारुती जिप्सी किंवा ईको ही नावं डोळ्यांसमोर येतात. मोडीत काढलेल्या गाडीचं इंजिन, बेल हाउसिंग, गिअरबॉक्स, स्टार्टर, फ्लायव्हील आणि क्लच हे सगळं एकत्र उतरवून आणलं, तर या लेखातली निम्मी डोकेदुखी संपते. मग प्रश्न उरतो प्रोपेलर शाफ्ट, माउंटिंग आणि गिअरच्या दांडीचा.

पण सगळ्यांना हे जमत नाही. कुणाला मूळ गिअरबॉक्स ठेवायचा असतो, कुणाला स्टिअरिंगजवळची दांडीच प्रिय असते, कुणाच्या गाडीच्या बोगद्यात दुसरा गिअरबॉक्स मावत नाही. मग जोडी फोडावी लागते, आणि खरं इंजिनिअरिंग तिथून सुरू होतं.

कोण कोणाचं ऐकतं?

इंजिन एका घरचं, गिअरबॉक्स दुसऱ्या घरचा. मधले पार्ट कुठल्या घरचे घ्यायचे? लग्नात मुलाकडचे आणि मुलीकडचे असतात, तसंच इथे आहे. एकदा मांडून घेऊ :

१. फ्लायव्हील इंजिनाचं ऐकतं. ते क्रँकच्या मागच्या तोंडाला बोल्टनी बसतं, म्हणून बोल्टची संख्या, त्यांच्या वर्तुळाचा व्यास आणि मधलं खोबण क्रँकशी जुळलं पाहिजे.

२. प्रेशर प्लेट फ्लायव्हीलचं ऐकते. तिच्या बोल्टचं वर्तुळ आणि डॉवेल पिना फ्लायव्हीलवर असतात.

३. क्लच प्लेट दोघांचंही ऐकते. बाहेरचा व्यास फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटशी जुळायला हवा, पण मधल्या हबचे दाते गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टशी. नवरा-बायकोच्या मध्ये सापडलेल्या पोरासारखी तिची अवस्था.

४. रिलीज बेअरिंग आणि फोर्क गिअरबॉक्सचं ऐकतात, पण दाबतात प्रेशर प्लेटच्या बोटांना. म्हणजे बेअरिंगचा व्यास त्या बोटांच्या वर्तुळाशी जुळला पाहिजे.

५. पायलट बुश क्रँकच्या टोकात बसतो, पण त्यात फिरतं इनपुट शाफ्टचं नाक. बाहेरचा व्यास इंजिनाचा, आतला गिअरबॉक्सचा. हा लेथवर वळवून घ्यावाच लागतो.

६. स्टार्टरचं मात्र सांगता येत नाही. काही इंजिनांत तो ब्लॉककडच्या बाजूला बसतो, काहींत बेल हाउसिंगवर. बेल हाउसिंगवर असेल तर जुना स्टार्टर आणि नवी रिंग अशी गाठ पडते.

ही यादी भिंतीवर चिकटवून ठेवा. पार्ट आणायला निघाल्यावर दुकानदार 'कौनसी गाडी का चाहिए?' एवढंच विचारतो. उत्तर एका गाडीचं नसतं, हे आपल्याला माहीत हवं.

फ्लायव्हील : वजनापेक्षा जडत्व

शक्य असेल तर फ्लायव्हील नव्या इंजिनाचंच वापरा. क्रँकची भोकं बदलण्याच्या फंदात पडू नका. जुनं फ्लायव्हील नव्या क्रँकवर बसवण्यासाठी भोकं लांबवणं, वेल्ड करून परत पाडणं, असले प्रकार बाजारात चालतात. ते का टाळायचे, ते आकड्यांत बघू.

समजुतीसाठी एक साधी बिडाची तबकडी घ्या. व्यास २७० मिमी, जाडी २० मिमी. बिडाची घनता ७२०० किलो प्रति घनमीटर धरली तर वजन येतं साधारण ८.२५ किलो आणि जडत्वाचा आघूर्ण ०.०७५ किलो-मीटर वर्ग. ५००० आरपीएमला तिच्यात साठलेली ऊर्जा सुमारे १०.३ किलोज्यूल. म्हणजे किती? ९०० किलोची गाडी ताशी १७ किमी वेगानं जात असताना जेवढी ऊर्जा असते तेवढी. ही ऊर्जा आपल्या पायापासून वीतभर अंतरावर, एका पातळ बेल हाउसिंगच्या आत फिरत असते. फ्लायव्हील फुटलं तर तुकडे पत्रा फाडून आत येतात. ड्रॅग रेसिंगमध्ये अशा अपघातांत माणसांचे पाय गेलेले आहेत आणि म्हणूनच तिथे बेल हाउसिंगला जाड पोलादी कवच सक्तीचं झालं.

शिवाय केंद्रोत्सारी ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ४८०० आरपीएमपर्यंत फिरायची सवय असलेलं फ्लायव्हील ६००० ला नेलं, तर ताण १.५६ पट होतो, म्हणजे ५६ टक्के जास्त. त्यात वर्षानुवर्षं तापून तोंडावर केसासारख्या भेगा पडलेल्या असतील तर सुरक्षेचं गणित कोलमडतं. जुनं फ्लायव्हील आणलं की आधी रॉकेलनं स्वच्छ धुवा, आणि मग भेगा बघण्याची डाय पेनिट्रंट टेस्ट करा. आपल्या कॉलेजच्या लॅबमध्ये ही टेस्ट होते, सबमिशनपुरती न ठेवता खरोखर वापरा.

दुसरा प्रश्न 'हलकं करू का?' हा. फ्लायव्हील हलकं केलं की इंजिन पटकन फिरतं, हे खरं. पण पुस्तकातलं सूत्र आठवा. वेगातली चढउतार ही ऊर्जेतली चढउतार भागिले जडत्व गुणिले कोनीय वेगाचा वर्ग. आपल्या तबकडीसाठी ३००० आरपीएमला हा भाजक ७४०० ज्यूलच्या आसपास येतो, पण ८०० च्या आयडलिंगला फक्त ५२७. ऊर्जेतली चढउतार ३० ज्यूल धरली तर ३००० ला वेग ०.४ टक्के हलतो, आयडलला ५.७ टक्के. जडत्व एक तृतीयांशानं कमी केलं तर आयडलचा आकडा ८.५ टक्क्यांवर जातो. सिग्नलला उभी असलेली गाडी थरथरायला लागते, गिअरबॉक्स खडखडतो. डिझेलला तर जास्तच, कारण तिथे धक्के मोठे असतात. म्हणून फ्लायव्हीलचं काम हायवेवर नाही, सिग्नलवर दिसतं. मुंबईत गाडी किती वेळ सिग्नलवर असते ते तुम्हीच सांगा!

तिसरा मुद्दा बॅलन्सिंगचा. १२० मिमी त्रिज्येवर फक्त १० ग्रॅमचा फरक ६००० आरपीएमला ४७० न्यूटनहून जास्त, म्हणजे ४८ किलोच्या आसपास फिरता धक्का देतो. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट एकत्र बसवून बॅलन्स करा, खूण करा, आणि परत जोडताना त्याच खुणेवर जोडा. काही इंजिनांत फ्लायव्हीलवर मुद्दाम असमान वजन असतं, कारण क्रँकचं बॅलन्सिंग त्यावर अवलंबून असतं. अशा फ्लायव्हीलला एकट्यालाच मशीनवर चढवून 'सरळ' केलं तर उलट बिघडतं. इंजिन कुठल्या प्रकारचं आहे हे आधी शोधा.

आणि रिंग गिअर. पिनियन आणि रिंग यांचं मॉड्यूल एकच हवं आणि दोघांमधलं अंतर बरोबर हवं. रिंगचे दाते ११०, पिनियनचे ९, मॉड्यूल २.५ असेल तर केंद्रांमधलं अंतर १४८.७५ मिमी. त्यात एक मिमीची चूक झाली तरी दाते घासतात किंवा घसरतात. रिंग बदलायची तर ती गरम करून बसवतात. २७० मिमीची रिंग २०० अंशांनी तापवली तर व्यास साधारण ०.६ मिमीनं वाढतो, तेवढ्यात ती फ्लायव्हीलवर बसते. गॅसच्या ज्योतीनं लालभडक करू नका, दात्यांचं हार्डनिंग निघून जातं. दात्यांची तासलेली कड पिनियन येतो त्या बाजूला ठेवायची, एवढं विसरू नका.

क्लच : मोठा म्हणजे चांगला, असं नाही

आता क्लच. सूत्र सगळ्यांना पाठ आहे : टॉर्क = २ × घर्षणांक × दाब × सरासरी त्रिज्या. दोन पृष्ठभाग म्हणून २. समजा प्लेट बाहेरून १८० मिमी, आतून १२५ मिमी. सरासरी त्रिज्या ७६ मिमी. घर्षणांक ०.३, प्रेशर प्लेटचा दाब ३५०० न्यूटन. क्लच पेलतो १६० न्यूटन-मीटर.

मूळ इंजिनाचा टॉर्क ७० धरला, तर सव्वादोन पट माया आहे. मस्त. नवं इंजिन १४० न्यूटन-मीटरचं बसवलं, तर माया उरते १.१४ पट. कागदावर चालतं, पण लायनिंग तापलं की घर्षणांक घसरतो, प्लेट झिजली की दाब बदलतो, आणि चौथ्या गिअरमध्ये चढावर पाय दाबला की इंजिन ओरडतं आणि गाडी तिथेच. याला म्हणतात क्लच स्लिप. साधारण दीड पट माया ठेवावी.

मग प्लेट २००/१३० मिमीची आणि दाब ४५०० न्यूटन घेतला, तर २२३ न्यूटन-मीटर मिळतात, माया १.६ पट. प्रश्न सुटला? पूर्ण नाही. दाब २९ टक्क्यांनी वाढला, म्हणजे बाकी रचना तीच असेल तर पेडलही जवळपास तेवढंच जड झालं. शनिवारी संध्याकाळी अंधेरी-घाटकोपर लिंक रोडवरून ही गाडी चालवून बघा, डावा पाय जाब विचारेल. त्यामुळे गरजेपेक्षा मोठा क्लच घेऊ नका. रेसिंगचा क्लच तर नाहीच. तो एक तर पकडतो नाहीतर सोडतो, अधलंमधलं त्याला कळत नाही.

याच रस्त्यावर उष्णतेचंही गणित करू. १००० किलोची गाडी थांबलेल्या स्थितीतून ताशी १० किमीपर्यंत नेताना क्लचमध्ये साधारण ३.९ किलोज्यूल उष्णता निर्माण होते. निम्मी फ्लायव्हीलकडे गेली असं धरलं तर आपली तबकडी प्रत्येक वेळी अर्ध्या अंशाच्या आसपास तापते. अशा २०० वेळा गाडी हलवली आणि उष्णता बाहेर गेलीच नाही, तर ९० अंशांहून जास्त वाढ. वारा थोडीफार उष्णता नेतो म्हणून निभावतं. पण फ्लायव्हील हलकं आणि क्लच लहान, अशी जोडी शहरात का जळते, हे यावरून कळतं.

क्लच प्लेट निवडताना आणखी तीन गोष्टी. एक, दाते नुसते मोजू नका. संख्या सारखी असूनही व्यास वेगळा असू शकतो. इनपुट शाफ्टवर प्लेट हातानं सरकली पाहिजे आणि डुलता कामा नये. दोन, हबभोवतीच्या स्प्रिंगांचा घेर फ्लायव्हीलच्या बोल्टच्या डोक्यांना घासत नाही ना, ते बघा. तीन, हवी ती प्लेट तयार मिळत नसेल तर गिअरबॉक्सकडच्या प्लेटचा हब आणि इंजिनाकडच्या मापाचं लायनिंग अशी प्लेट रिव्हेट करून बनवता येते. हे काम लायनिंगच्या जाणत्या कारागिराकडूनच करून घ्या, आणि स्प्रिंगवाला हबच घ्या. बिनस्प्रिंगच्या प्लेटमधून इंजिनाचे सगळे धक्के गिअरच्या दात्यांवर जातात.

उंची : जिथे सगळे फसतात

आता मुख्य मुद्दा. ब्लॉकचं मागचं तोंड शून्य धरा आणि तिथून मागे, गिअरबॉक्सच्या दिशेनं मोजत चला. खालचे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पद्धत मात्र कुठल्याही गाडीला लागू आहे.

जुन्या इंजिनात फ्लायव्हीलचं घासणारं तोंड २२ मिमीवर. त्यावर क्लच बसवल्यावर प्रेशर प्लेटची बोटं तोंडापासून ४८ मिमी वर. म्हणजे बोटांची टोकं शून्यापासून ७० मिमीवर. गिअरबॉक्सचं रिलीज बेअरिंग ७२ मिमीवर थांबलेलं. मध्ये २ मिमी मोकळी जागा. पेडल दाबलं की बेअरिंग पुढे येतं, २ मिमीत बोटांना टेकतं आणि पुढे त्यांना दाबतं. सगळं आलबेल.

आता नवं इंजिन. त्याचं फ्लायव्हील तोंड १८ मिमीवर, नव्या क्लचची उंची ४५ मिमी. बोटं आली ६३ मिमीवर. बेल हाउसिंगची भोकं जुळत नाहीत म्हणून मध्ये १५ मिमी जाडीची अडॅप्टर प्लेट टाकली. तिच्यामुळे अख्खा गिअरबॉक्स १५ मिमी मागे गेला, म्हणजे बेअरिंग ८७ मिमीवर. मोकळी जागा झाली २४ मिमी! फोर्कचा एकूण प्रवास जर १०-१२ मिमी असेल तर बेअरिंग बोटांपर्यंत पोचतच नाही. गाडी जोडून झाली, पेडल लोण्यासारखं मऊ, आणि गिअर पडत नाही.

एवढ्यावर थांबत नाही. क्लच प्लेट ४ मिमी पुढे गेली, इनपुट शाफ्ट १५ मिमी मागे. म्हणजे हबची दात्यांवरची पकड १९ मिमीनं सरकली. हब २५ मिमी लांब असेल आणि शाफ्टच्या दात्यांना पुढे ५ मिमी जादा लांबी असेल, तर पकड उरली फक्त ११ मिमी. निम्म्याहून कमी दात्यांवर दुप्पट टॉर्क! शाफ्टचं नाकही मागे सरकलं, त्यामुळे ते पायलट बुशमध्ये टेकतं की हवेत लटकतं, ते वेगळं बघायला हवं. नाक लटकलं तर शाफ्ट डुलतो, आधी गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग जातं, मग बाकीचं. उलट शाफ्ट लांब पडला आणि क्रँकमध्ये जाऊन टेकला, तर बोल्ट आवळताना थ्रस्ट बेअरिंगवरच ताण येतो.

उपाय काय? क्रमानं सांगतो, सोप्याकडून अवघडाकडे. अडॅप्टर प्लेट ताकद न गमावता जितकी पातळ करता येईल तितकी करा. जास्त उंचीच्या कव्हरची प्रेशर प्लेट मिळते का बघा. रिलीज बेअरिंगचा लांब कॅरिअर वळवून घ्या किंवा फोर्कची टेकू-पिन पुढे आणा. पायलट बुश लांब करून क्रँकच्या टोकाबाहेर आणता येतो, पण तो खोबणीत घट्ट बसला पाहिजे. शेवटचा उपाय म्हणजे फ्लायव्हीलच्या मागे स्पेसर. तो घ्यायचाच झाला तर पोलादी, दोन्ही तोंडं समांतर, मधला रजिस्टर अचूक आणि बोल्ट तेवढे लांब. नुसते वॉशर घालून उंची वाढवणं म्हणजे वर सांगितलेले १० किलोज्यूल स्वतःहून मोकळे सोडणं.

फेसिंग करतानाही उंचीचं भान ठेवा. काही फ्लायव्हीलमध्ये घासणारं तोंड आणि प्रेशर प्लेट बसते ती कड यांत पायरी असते. लेथवाल्यानं फक्त घासणारं तोंड एक मिमी काढलं आणि कड तशीच ठेवली, तर क्लचचा दाब बदलतो. 'दोन्हीकडून सारखं काढा' हे कागदावर लिहून द्या, तोंडी सांगू नका.

कामाचा क्रम

आधी मापं, मग पार्ट, मग वेल्डिंग. आपल्याकडे नेमकं उलट होतं. व्हर्निअर, डेप्थ गेज, डायल आणि एक सरळ पट्टी एवढ्यावर हे काम होतं.

पहिलं, इंजिन आणि गिअरबॉक्स जमिनीवर ठेवूनच जोडा, गाडीत नाही. दुसरं, अडॅप्टर प्लेटला डॉवेल पिना हव्यातच. बोल्ट फक्त आवळतात, जागेवर आणतात त्या पिना. तिसरं, क्रँकवर डायल बसवून बेल हाउसिंगचं मधलं भोक फिरवून बघा. डायलवरचा एकूण फरक ०.१३ मिमीच्या आत असावा. जास्त असेल तर पिनांची जागा बदला, आवळून 'बसेल' या भरवशावर राहू नका. चौथं, प्रेशर प्लेटच्या कव्हरवर चिकणमातीचे गोळे लावा, बेल हाउसिंग बसवून क्रँक हातानं एक फेरा फिरवा आणि उघडून मातीची जाडी बघा. कुठे घासणार ते लगेच कळतं. पाचवं, क्रँकचा मागचा ऑइल सील आत्ताच बदला. लायनिंगला तेल लागलं तर वरची सगळी गणितं वाया जातात. सहावं, फ्लायव्हीलचे बोल्ट नवे, योग्य ग्रेडचे, आणि टॉर्क रेंचनंच आवळा, समोरासमोरच्या क्रमानं.

साकीनाका, मरोळ, मुलुंड-भांडुपकडच्या लहान वर्कशॉपमध्ये लेथ, मिलिंग आणि बॅलन्सिंगचे कारागीर सापडतात. त्यांचा हात आपल्यापेक्षा कितीतरी पक्का असतो. पण ते आपल्याला हवं तेच करून देतात. काय हवं ते ठरवणं आणि ड्रॉइंगवर टॉलरन्ससकट लिहिणं, हे आपलं काम. इंजिनिअरिंग ड्रॉइंगची केटी का लागते, ते अशा वेळी समजतं.

आणि कायदा?

हा भाग कंटाळवाणा आहे, पण पैसे भरण्याआधी वाचा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही की आरसी बुकातला तपशील उत्पादकानं मुळात ठरवलेल्यापेक्षा वेगळा होईल. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मधल्या निकालात हीच भूमिका ठामपणे मांडली. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर नव्यानं करून घ्यावी लागते, तेव्हा इंजिन नंबर आरसीशी ताडून बघतात. नंबर जुळला नाही तर गाडी अडकते, आणि अपघात झाला तर विमा कंपनीलाही बोट ठेवायला जागा मिळते. म्हणून काहीही विकत घेण्याआधी आपल्या आरटीओत, मग ती अंधेरी असो, बोरिवली असो की वडाळा, लेखी विचारणा करा.

दुसरी बाब जास्त महत्त्वाची. २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी त्यात बसते. म्हणजे १९७४ मध्ये नोंदलेल्या पद्मिनीचं वय २०२४ मध्येच झालं. तिच्यात आज दुसरं इंजिन बसवलं तर उद्या मिळू शकणारा व्हिंटेजचा दर्जा आपण स्वतःच्या हातानं घालवू. आजोबांनी घेतलेली गाडी असेल तर हा विचार घरच्यांशी बसून करा. मूळ १०८९ सीसी इंजिन रिबोअर करून, फ्लायव्हील फेस करून, नवा क्लच टाकून गाडी छान पळू शकते, आणि त्या कामातही वरची मोजमापं तितकीच उपयोगी पडतात.

शेवटी एवढंच

कुठलाही प्रोजेक्ट घ्या, चुका बहुधा पार्टमध्ये नसतात, दोन पार्टच्या मधल्या जागेत असतात. इंजिन कंपनीनं तपासलेलं असतं, गिअरबॉक्सही. मधले ते चार-सहा इंच मात्र कुणीच तपासलेले नसतात, ते आपल्या वाट्याला येतात. त्यासाठी एक कोरा कागद घ्या. डावीकडे इंजिन, उजवीकडे गिअरबॉक्स, आणि मध्ये क्रँकचं तोंड, फ्लायव्हील, प्लेट, बोटं, बेअरिंग, हब, शाफ्टचं नाक, प्रत्येकाचं शून्यापासूनचं अंतर. हा कागद भरेपर्यंत पाकीट खिशातून काढायचं नाही. भरल्यावर जोडी जमत नाही असं दिसलं, तर तेही उत्तरच आहे, आणि ते फक्त एका कागदाच्या किमतीत मिळालेलं!